रझाकारात

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत पाणी, पार्किंग, कशावरूनही वाजलं की कुणीतरी म्हणतंच, ‘काय रझाकारी लावलीय?’ मराठवाड्यातली घरं बरीच, म्हणून हा शब्द इथवर आला. आता इतरांच्याही तोंडी बसलाय. परवा खाली क्रिकेट खेळताना बॅट सोडेना म्हणून माझ्या भाच्याने मित्राला ‘रझाकार’ म्हटलं. मित्र मुसलमान. गॅलरीत बसलेल्या आईने भाच्याला हाक मारून वर बोलावलं.

आई भूम तालुक्यातली, 1948 साली आठ-नऊ वर्षांची. दुष्काळात, प्लेगात म्हणावं तसं ती ‘रझाकारात’ म्हणते. रझाकार ही लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालची, हैदराबादच्या निजामाशी निष्ठावान सशस्त्र संघटना. नावाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. टोळी येतेय अशी आवई उठली की बायका-लेकरं रानात पिकात लपायची. दागिने चुलीखाली पुरलेले. शेवटी एका रात्री बैलगाडीने निजामाची हद्द ओलांडून सगळे बार्शीला निघाले. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवलेल्या. धाकटा भाऊ रडायला लागला तेव्हा आजीने त्याच्या तोंडावर पदराचा बोळा दाबला, तो श्वास कोंडून निळा पडेपर्यंत.

हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशी भाच्यासमोर आई पहिल्यांदाच पुढचं बोलली. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. आईच्या घरचे गावी परतले, तर शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याच्या घराला दारच उरलं नव्हतं.

‘त्यो काय रझाकार नव्हता. आमच्या गाद्या त्यानंच भरल्या व्हत्या. घरातले बाप्ये मारले. बायकांचं काय झालं, कुणी इचारलंबी नाही.’

भाचा गप्प बसला. मग मी त्याला पंडित सुंदरलाल समितीबद्दल सांगितलं. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या या समितीने पोलीस अ‍ॅक्शनच्या, म्हणजे याच लष्करी कारवाईच्या काळात आणि नंतर कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. रझाकारांच्या जुलमाला निदान शब्द तरी मिळाला; या मरणांना आमच्या बोलीत तोही नाही, आणि मला ते सहन होत नाही.

17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला सोसायटीतली मराठवाड्याची मंडळी जमतात, वडीलधारी आठवणी सांगतात. यंदा आईला बोलायचंय. ‘ते पिंजाऱ्याचं तेवढं राहू द्या,’ असं दोघांनी मला बाजूला घेऊन सुचवलं. मी सांगून टाकलं, आई बोलेल तर सगळं बोलेल.