केडगावची मुक्ती : दुष्काळात रुजलेली मंडळी

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर दौंडच्या आधी केडगाव लागते. (नगरजवळचे केडगाव वेगळे; तिकीट काढताना गोंधळ करू नका.) रस्त्याने येणार असाल तर सोलापूर महामार्गावर चौफुल्याला वळा. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन इथेच आहे.

रमाबाईंनी ही जमीन घेतली ती फळबागेसाठी. बागेच्या उत्पन्नावर पुण्यातले शारदा सदन चालावे, एवढाच हिशेब. विधवांसाठीचे हे सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. रमाबाईंनी स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता; सदनात मात्र धर्माची सक्ती नसेल, असा शब्द दिला होता. १८९३ मध्ये काही मुलींचा ओढा ख्रिस्ताकडे दिसताच वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले, अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. शब्द मोडला की नाही, यावर आजही दोन मते आहेत. पण त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंचा पुनर्विवाह त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी झाला, हेही लक्षात ठेवा.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. उपास म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतल्या मुली-बायकांना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या माणसांना ठेवायचे कुठे? फळबागेची जमीन कामी आली. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. विहिरी, शेती, विणकाम, शाळा, अंध मुलींसाठी ब्रेल, सगळे इथेच उभे राहिले. या मंडळीचे पहिले सभासद म्हणजे कुणा प्रवचनाने गोळा झालेला समाज नव्हे. भुकेतून वाचलेल्या मुली होत्या त्या.

१९०५ मध्ये याच मुलींच्या प्रार्थनासभांत मोठी जागृती झाली. रडणे, मोठ्याने प्रार्थना, रात्ररात्र जागरण. बाहेरच्यांना ते विचित्रही वाटले. इथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत राहणाऱ्या मैत्रिणीला पाठवली. तिथल्या १९०९ च्या पेंटेकॉस्टल चळवळीमागे त्या पुस्तिकेचाही हात होता. दौंड तालुक्यातून थेट चिली!

मला मात्र सगळ्यात जास्त ओढ वाटते ती इथल्या छापखान्याची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबल मराठीत आणायला घेतले. खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा हवी, म्हणून संस्कृताच्या या पंडितेने जड संस्कृत शब्द बाजूला ठेवले. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे ही कामे इथल्याच स्त्रिया करत. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते.

संस्था आजही चालू आहे. आत मुली आणि स्त्रिया राहतात. तेव्हा आधी कार्यालयात विचारा आणि फोटो काढण्याची घाई करू नका.