वाघळांच्या वाटेवरची बोर्ली

माणगावहून म्हसळ्यामार्गे वळणे घेत आलात की श्रीवर्धन तालुक्यातली बोर्ली पंचतन लागते. (मुरूडकडची बोर्ली मांडला निराळी, नवखा माणूस नावाला फसतो.) पुढे जवळच दिवेआगर, आणि वाटेला नारळ-सुपारीच्या वाड्या. नावाजलेली श्रीवर्धनी रोठा सुपारी याच पट्ट्यातली.

दिवेलागणीला वाडीच्या कडेला उभे राहा. माडांच्या शेंड्यांवरून मोठी वटवाघळे निघतात. पसरलेले पंख चार फूट भरतात. वाघूळ आंधळे असते असे आपण म्हणतो, पण ही फळे खाणारी जात चांगली पाहते आणि पिकल्या फळाचा वास हेरते.

एखाद्या वडावर आज शेकडो लटकलेली दिसतात, काही महिन्यांनी त्यांतली कितीतरी नसतात. गेली कुठे? फळांमागे. आंबा सरला की जांभूळ, मग उंबर, बदाम, उंडी. पावसाळा संपल्यावर देशावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात ना, त्यातलाच प्रकार.

दूरदेशी हीच चाल फार लांबली आहे. आफ्रिकेत झांबियातल्या कसांका रानात ऑक्टोबर ते डिसेंबर फळे पिकतात, तेव्हा लाखो वाघळे येऊन उतरतात. युरोपात तर दहा ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचे किडेखाऊ वाघूळ थंडी टाळायला दोन हजार किलोमीटर जाते. ही सवय सगळ्यांना एकाच पूर्वजाकडून आली नाही. निरनिराळ्या कुळांत ती वेगवेगळी रुजली. आपल्या मोठ्या वाघळाच्या मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते. अशा प्राण्यात उपाशी बसणारीचा वंश खुंटतो. थोडे पुढे जाऊन पोट भरणारीचा चालतो. पिढ्यान्‌पिढ्या ते 'थोडे पुढे' वाढत गेले.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. सुपारी काड्यांसारखी मोडली, जुनी झाडे मुळासकट आडवी झाली. वाघूळ उडून दुसरे रान शोधते. वाडीवाल्याला वाडी उचलून नेता येत नाही. नवी सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात.

चिकू-आंब्याची नासाडी होते ही तक्रार खरी आहे. तिथे जाळे लावा. आणि उष्टे फळ पोरांना खाऊ देऊ नका. पण फटाके लावून वस्ती उठवू नका. 1972 च्या कायद्याने त्यांना उंदरांच्या पंगतीत उपद्रवी म्हणून बसवले होते, 2022 च्या दुरुस्तीने तेथून काढले.

एकदा त्यांच्या वडाखाली जाऊन पाहा. वरची साल कुरतडून टाकलेल्या उंडीच्या बिया सापडतील. याच बियांच्या तेलावर पूर्वी कोकणात दिवे जळत. चार उचला आणि वाडीच्या समुद्राकडच्या बांधाला टोचा.