पॅशनेट आणि पेशंट



इंग्रजी शिकवताना आम्ही वर्गात नेहमी सांगतो की, शब्दाचा अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द आला असे नव्हे. तो कुठे शोभतो हे कळले पाहिजे. पण काही वर्षांपूर्वी दहावीच्या एका वहीने आमचीच परीक्षा घेतली आणि त्यात आम्ही नापास झालो. ती हकीकत आज सांगावीशी वाटते.

वर्गाला दहा ओळींचा निबंध दिला होता, ‘माझ्या ओळखीची एक पॅशनेट व्यक्ती’. वह्या आल्या. निम्म्या वर्गाने सचिन तेंडुलकरवर लिहिले होते, आणि बहुतेकांनी शेवटी स्वतःलाही घुसवून ‘आय ॲम पॅशनेट फॉर क्रिकेट’ असे ठोकून दिले होते. तिथे ‘फॉर’ नको, ‘अबाउट’ हवे. एखाद्या कामाविषयी किंवा विषयाविषयी बोलताना ‘पॅशनेट अबाउट’ म्हणतात. हा शब्द नामाच्या आधीही येतो, जसे पॅशनेट भाषण, पॅशनेट विनंती. काहींनी त्याच्या जागी ‘इमोशनल’ वापरले होते. तेही चालत नाही. सिनेमा पाहून ज्याचे डोळे भरतात तो इमोशनल. त्याचे डोळे दहा मिनिटांत कोरडेही होतात. पॅशनेट माणसाचे तसे नसते, त्याच्या मनातली ओढ वर्षानुवर्षे टिकते. आणि हो, समोसा कितीही आवडत असला तरी त्याबद्दल कोणी पॅशनेट नसते!

या वह्यांत एका मुलीची वही होती. ती भैरवगढ़हून शाळेत येई. वडील बाटिकचे कारागीर. तिने त्यांच्यावरच लिहिले होते. इंग्रजी साधे, पण नीटनेटके. मात्र दहा ओळींत ‘पॅशनेट’ हा शब्द एकदाही नाही. उलट पहिलेच वाक्य, ‘माय फादर इज अ पेशंट मॅन.’ आम्ही ‘पेशंट’वर लाल रेघ ओढली, बाजूला ‘प्रश्न नीट वाचा’ असे लिहिले आणि दहापैकी चार गुण दिले.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. म्हणाली, “सर, मी पॅशनेटच लिहिणार होते. म्हणून पप्पांना विचारलं की काम करताना तुम्हाला जोश येतो का? तर ते म्हणाले, जोश में तो मोम बिगड़ता है.”

आम्हाला उत्तर सुचले नाही. “बघू,” असे म्हणून वेळ मारून नेली.

त्या रविवारी भैरवगढ़ला गेलो. एरवी आपण मंडळी तिकडे जातो ती कालभैरवाच्या किंवा सिद्धवटाच्या दर्शनाला, आणि दर्शन झाले की परततो. आपल्या शहराचे नाव लावणारे बाटिक तिथे घराघरांत कसे होते, हे इतकी वर्षे उज्जैनमध्ये राहूनही आम्ही कधी पाहिले नव्हते. (‘उज्जैन बाटिक प्रिंट’ला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.)

तिच्या वडिलांनी चहा दिला आणि काम चालू ठेवले. जिथे रंग लागू द्यायचा नाही तिथे वितळलेले मेण लावायचे, एवढीच खरे तर बाटिकची युक्ती. पण मेण थंड पडले तर ते कापडावर नुसते बसते, आत मुरत नाही, मग रंग खालून शिरतो. फार तापले तर रेघ सोडून पसरते. रंगाचे पाणी गार ठेवावे लागते, नाहीतर मेणच वितळेल. आधी फिका रंग, मग पुन्हा मेण, मग गडद रंग. शेवटी उकळत्या पाण्यात सगळे मेण काढायचे. कुठे घाई झाली की मागचे सगळे कष्ट वाया.

त्यांच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. आम्ही तिकडे पाहतोय हे ध्यानात येताच ते हसून म्हणाले, “पेट का काम है, साहब.” मग एक तयार चादर त्यांनी उजेडात धरली, एका कोपऱ्याकडे बराच वेळ पाहिले आणि ती बाजूला ठेवली. आम्हाला त्यात काही दोष दिसला नाही. त्यांना दिसला होता.

घरी येऊन शब्दकोश काढला आणि आमचीच आम्हाला लाज वाटली. ‘पॅशन’ आणि ‘पेशंट’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूपासून आले आहेत. त्याचा अर्थ सोसणे. दवाखान्यातला पेशंट तो दुखणे सोसणारा, आणि धीर धरणारा तोही पेशंट. ख्रिस्ताने सोसलेल्या यातनांना ख्रिस्ती लोक ‘पॅशन’ म्हणतात. ‘कम्पॅशन’ म्हणजे दुसऱ्याबरोबर सोसणे. जुन्या इंग्रजीत तर तापट माणसालाही पॅशनेट म्हणत. तो अर्थ आता मागे पडला. म्हणजे ‘पेशंट’ लिहिणारी ती मुलगी प्रश्न चुकली नव्हती. प्रश्न काढणाऱ्यांपेक्षा ती त्याच्या मुळाशी जास्त जवळ होती.

आपल्या मराठीलाही हे ठाऊक आहेच की! ‘पॅशनेट’ला आपण कोशातून ‘उत्कट’ शोधून देतो, पण घरात बोलताना म्हणतो, ‘तो पोटतिडकीने बोलला’. तिडीक म्हणजे आतून उठणारी कळ. जे मनापासून हवे असते ते थोडे दुखतेच, हे या शब्दातच आले. ‘पेट का काम’ आणि ‘पोटतिडीक’ यांत आम्ही आजवर उगाच अंतर मानत होतो. पोटासाठी करतो म्हणून माणसाचा त्या कामावर जीव नसतो, असे थोडेच आहे?

सोमवारी वर्गात हे सगळे सांगितले. आमची लाल रेघ आम्हीच खोडली आणि चाराचे नऊ केले. ती जागेवरून उठून म्हणाली, “सर, पॅशनेट पप्पांना कसं सांगू? त्यांना इंग्रजी येत नाही.” जुनून म्हणावे तर ते जोशाचेच भावंड. आम्ही विचारात पडलेले पाहून तीच म्हणाली, “लगन सांगते. ते त्यांना समजेल.”

तेव्हा मित्रांनो, उद्या एखाद्या अर्जात ‘आय ॲम पॅशनेट’ लिहायची वेळ आली, तर ‘अबाउट’ विसरू नका. आणि लिहिण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा, या गोष्टीसाठी आपण आजवर काय सोसले आहे? उत्तर सापडले तर बेलाशक लिहा. नाही सापडले, तर सध्या ‘आय लाइक’ पुरे.

राहता राहिला तो कापलेला एक गुण. तो स्पेलिंगचा होता, आणि तो आम्ही सोडला नाही!