ढालीची चौथी फुल्ली

दसऱ्याला आमच्या लोणारच्या घरी शस्त्रपूजा होते. शस्त्रे म्हणजे काय, तर एक गंजलेली तलवार, एक विळा, माझे फाउंटन पेन आणि एक जुनी ढाल. पेन वगळता यांतले एकही शस्त्र मी कधी चालवलेले नाही, आणि पेनाने कुणी जखमी झाल्याचे ऐकिवात नाही.

यंदा नातवाने ढाल उचलली आणि त्याचा चेहरा पडला.

"आजोबा, ही तर हलकीच आहे!"

त्याने कुठल्याशा चित्रपटात ग्रीक योद्धे पाहिले होते. त्यांच्या ढाली म्हणे केवढ्या अवजड! आम्ही आमची ढाल वाण्याच्या काट्यावर घातली. दोन किलोलाही थोडी कमीच भरली.

वाडवडिलांची अब्रू वाण्याच्या काट्यावर कमी भरलेली कुणाला आवडेल? मी पुस्तके काढून बसलो. ग्रीक पायदळाची ढाल जवळजवळ तीन फूट रुंद. आत लाकडाचा वाडग्यासारखा खोलगट गाभा, वर पुष्कळदा काशाचा पातळ पत्रा. वजन सुमारे ७ किलो. एवढे ओझे नुसत्या मुठीवर पेलणार कोण? म्हणून मधल्या रुंद पट्ट्यात हात कोपरापर्यंत घालायचा, कडेची दोरी मुठीत धरायची आणि ढालीचा काठ खांद्यावर टेकवायचा.

आपली ढाल निराळी. गेंड्याच्या नाहीतर म्हशीच्या चामड्याची, दीड-दोन फुटांची, स्वाराच्या मनगटाबरोबर फिरणारी. तिचा फुगीर आकार वार घसरवून बाजूला सारतो. वरच्या चार फुल्ल्याही नुसत्या शोभेच्या नसतात. मागे धरायचे जे दोन पट्टे, त्यांच्या कड्यांचे खिळे या फुल्ल्यांखाली पक्के बसवलेले असतात. बोटांचे सांधे सोलवटू नयेत म्हणून मध्ये एक लहानशी गादी.

हे मात्र मी पुस्तकातून शिकलो नाही. १९६१ सालच्या दसऱ्याला शिकलो.

तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमचे सरोवर काठावरून पाहिले, तर कुणीतरी प्रचंड ढाल उताणी टाकून दिल्यासारखे दिसते. लोणारच्या पोरांचा खेळ ठरलेला : विष्णू आणि लवणासूर. मी नानांना न विचारता ढाल खुंटीवरून काढली आणि धारेजवळच्या पायऱ्यांवर तिच्यासकट घसरलो. चौथी फुल्ली उखडली, खिळा निसटला, पट्टा लोंबू लागला. ढालीची रचना मला समजली. पण ती नानांना समजावून सांगण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते.

"कुणी केलं हे?" नाना गरजले.

चौदा वर्षांचा दादा पुढे झाला. "मी."

नानांची छडी त्याच्या पाठीवर चार वेळा उतरली. मी दाराआड उभा राहून मोजली, आणि गप्प बसलो. पुढे कासाराने नवी फुल्ली बसवली. ती आजही इतर तिघींत मिसळत नाही.

ग्रीकांच्या ढालीविषयी वाचताना एके ठिकाणी मी थबकलो. ती डाव्या हातावर असे आणि तिचा डावा भाग धरणाऱ्याच्या अंगापलीकडे जाई. त्या भागाआड डावीकडचा सोबती आपली उघडी उजवी बाजू झाकून घेई. इ. स. पूर्व ४१८ मधल्या मँटिनीआच्या लढाईचे वर्णन करताना थ्युसिडिडीस हा इतिहासकार सांगतो, की या आडोशापायी प्रत्येक जण शेजाऱ्याच्या ढालीकडे सरकतो आणि सगळी फौजच उजवीकडे कलते. ढाल टाकून पळणे ही तिथे मोठी नामुष्की. कारण ती एकट्याची नसे.

मी पुस्तक मिटले. दादा ओसरीवर बसला होता. आता ऐंशीच्या घरातला, कानांनी मंद. नातवाच्या देखत मी त्याला मोठ्याने सांगितले, "दादा, ती फुल्ली मी तोडली होती. मार तू खाल्लास."

दादाने कानाशी हात नेला. "कोणची रे फुल्ली?"

मी ढाल त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने चारही फुल्ल्यांवरून बोट फिरवले, चौथीवर क्षणभर थांबला आणि ढाल मला परत दिली.

"हलकी आहे रे," तो म्हणाला. "मला वाटायचं, पुष्कळ जड असेल."

ती खुंटीवर अडकवताना माझा हात मात्र भरून आला.