बाटलीतलं कँडोर आणि पैनगंगेचा काठ

महागाव, जि. यवतमाळ

चि. छकुलीस,


वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला तू पुनर्वसित गावठाणांचा विषय घेतलास, हे ताईनं फोनवर सांगितलं. त्याच फोनवर तू सुपरमॅनच्या जुन्या कॉमिक्समधल्या त्या बाटलीतल्या शहराबद्दल विचारलंस. तुला ते दोन वेगळे विषय वाटले असतील. माझ्या मते तो एकच विषय आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो.

त्या शहराचं नाव कँडोर. सुपरमॅन ज्या ग्रहावर जन्मला त्या क्रिप्टॉनची ती राजधानी. ग्रह फुटून नष्ट होण्याआधीच ब्रेनियाक नावाचा खलनायक यानातून आला, किरणांचा मारा करून त्यानं अख्खं शहर माणसांसकट लहान केलं आणि काचेच्या बाटलीत भरून नेलं. जुलै 1958 च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या 242 व्या अंकात ही कथा आली. लेखक ऑटो बाइंडर, चित्रकार अल प्लास्टिनो. ब्रेनियाकचं कारणही ऐकण्यासारखं आहे. त्याच्या ग्रहावरची प्रजा साथीच्या रोगानं संपली होती. रिकामा ग्रह पुन्हा भरावा आणि त्यावर राज्य करावं, म्हणून तो इतरांची वसलेली शहरं उचलून नेत होता. त्या माणसांना कुणी विचारलं नाही. अंकाच्या शेवटी पृथ्वीवरून उचललेली शहरं सुपरमॅन पूर्ववत करतो, पण यंत्रात एकाच वापरापुरती शक्ती उरते. कँडोर मोठं करायचं की लहान होऊन बाटलीत अडकलेल्या सुपरमॅननं स्वतः मोठं व्हायचं, असा पेच पडतो. तो कँडोरच्या बाजूनं कौल देतो. कँडोरचाच एक शास्त्रज्ञ मधे पडून ती शक्ती सुपरमॅनसाठी खर्च करतो. शहर लहानच राहतं.

पुढची एकवीस वर्षं ती बाटली उत्तर ध्रुवाजवळच्या सुपरमॅनच्या बर्फातल्या गडात ठेवलेली होती. जुन्या अंकांतलं तिचं चित्र नीट बघ. उभी, रुंद बुडाची काच, वर बूच, आतल्या लोकांना श्वास घेता यावा म्हणून हवेची सोय. आत मनोरे, पूल, घुमट आणि कृत्रिम सूर्य. आतल्यांकडे महाशक्ती नाहीत. बाटलीबाहेर पडले की त्या येतात. 1960 पासून कथाकारांनी कँडोरच्या तरुणांचं एक पथकही काढलं. ते बोटाएवढे राहूनच बाहेर येत आणि सुपरमॅनच्या मदतीला धावत. 1963 सालच्या एका अंकात सुपरमॅन आणि त्याचा मित्र जिमी ओल्सन लहान होऊन आत जातात आणि तिथे नाइटविंग आणि फ्लेमबर्ड ही टोपणनावं घेतात. बॅटमॅनचा जुना सहकारी डिक ग्रेसन याला 1984 साली मिळालेलं ‘नाइटविंग’ हे नाव तिथूनच आलं.

या सगळ्या कथांत मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती ऑगस्ट 1979 मधली, ‘सुपरमॅन’चा 338 वा अंक. लेन वाइन यांचं लेखन, कर्ट स्वान यांची चित्रं. इतक्या वर्षांच्या प्रयत्नानंतर सुपरमॅनला शहर मोठं करण्याचा मार्ग सापडतो. एका दूरच्या ग्रहावर बाटली नेली जाते, किरण सोडले जातात, शहर वाढत वाढत खऱ्या आकाराचं होतं. आणि लगेच मनोरे, पूल, घरं ढासळून धूळ होतात. माणसं मात्र जिवंत राहतात. सुपरमॅन खचतो. कँडोरचे लोक खचत नाहीत. आपलं गाव आपल्या हातानं पुन्हा बांधू, असं म्हणून ते कामाला लागतात.

हा प्रसंग वाचताना आपल्याकडचा माणूस अडखळतो, कारण महाराष्ट्रानं हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळलं. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली 52 गावं दुसऱ्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचं कर्ज, शासनाचा पैसा, देशभरातल्या संस्थांची मदत, सगळं आलं. घरं भूकंपाला टिकतील अशी झाली, हे मोठंच काम झालं. पण जुन्या गावात वाडा, त्याला लागून वाडा, मधून वळत जाणारी बोळ, एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीशी बोलता येईल इतकं अंतर होतं. नव्या गावात सरळ रस्ते, आखलेले प्लॉट आणि मधे मोकळी जागा आली. म्हातारीला शेजारणीकडे जायला आता रस्ता ओलांडावा लागला. आपल्याला माहीत असलेल्या कँडोरांपैकी हे एक, आणि इथे कुणीही खलनायक नव्हता.

धरणांची गोष्ट याहून अवघड, कारण तिथे जाणीवपूर्वक निर्णय असतो. भीमेवर उजनी धरण झालं तेव्हा इंदापूर तालुक्यातलं पळसदेव पाण्याखाली गेलं. पाणी फार उतरलं की पळसनाथाचं दगडी मंदिर वर येतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. देऊळ आहे, गाव नाही. महाराष्ट्रानं 1976 साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, नंतर 1986 आणि 1999 साली नवे केले. नव्या गावठाणाला द्यायच्या ‘अठरा नागरी सुविधा’ हा शब्दप्रयोग बुडीत भागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो: पिण्याचं पाणी, शाळा, वीज, रस्ते, गटारं, स्मशानभूमी, खळवाडी… यादी चांगली आहे, गरजेची आहे, आणि तिच्यासाठी लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं हेही खरं आहे. पण अठरा नावांत गाव मावत नाही. मरीआईच्या देवळाला लागून असलेला पार, बैल धुवायचा घाट, पोळ्याला तोरण कुठून कुठे बांधायचं हे ठरवणारी दोन घरं, यांना सरकारी यादीत रकाना नाही.

आपल्याच तालुक्यात अधरपूस धरण आहे. पलीकडे पैनगंगेवर इसापूरचं धरण आहे. आणि खाली त्याच नदीवर निम्न पैनगंगा प्रकल्प, ज्याला 1997 साली प्रशासकीय मान्यता मिळाली आणि ज्याच्या बुडीत क्षेत्रातली यवतमाळ आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतली गावं तेव्हापासून त्याला विरोध करत आली आहेत. यवतमाळसारख्या कोरडवाहू जिल्ह्याला पाणी हवं, याबद्दल दुमत नाही. कापूस वाळताना बघणाऱ्या माणसाला धरणाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की ज्याचं गाव जातं त्याच्या हातात निर्णयाचा कागद शेवटी येतो, पहिल्यांदा येत नाही. ब्रेनियाकच्या यानाखाली उभ्या असलेल्या कँडोरवासीयांचीही हीच अवस्था होती.

कॉमिक्सवाल्यांचा एक दोषही सांगतो, तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल. बाटली ही सुपरमॅनच्या दुःखाची वस्तू म्हणून वर्षानुवर्षं रंगवली गेली. आतल्या लोकांचं म्हणणं फार थोड्या कथांत ऐकू येतं. 2008 साली जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांनी ब्रेनियाकची कथा पुन्हा लिहिली, तेव्हा तो तोल बराच बदलला. त्यात कँडोर पृथ्वीवरच, ध्रुवाजवळ, मोठं होतं. एक लाख महाशक्तिमान माणसं एकाएकी बाहेर येतात आणि पृथ्वीवरच्या लोकांना ती शेजारी म्हणून नको असतात. सोडवणाऱ्यांनी पुढच्या दिवसाचा विचार केलाच नव्हता. विस्थापितांना ज्या गावाच्या शेतीत आणि पाण्यात वाटेकरी म्हणून बसवतात, तिथल्या तंट्यांशी याचं नातं तुला लगेच कळेल.

आता तुझ्या कामाची गोष्ट. अमेरिकन शिल्पकार माइक केली यानं 1999 पासून कँडोरवर काम केलं. त्याच्या लक्षात आलं की चित्रकारांनी हे शहर एकसारखं कधीच काढलेलं नाही. प्रत्येक अंकात मनोरे वेगळे, बाटलीचा आकार वेगळा, रंग वेगळा. म्हणून त्यानं एकच ‘खरं’ कँडोर शोधण्याचा नाद सोडला आणि रंगीत राळेची आणि हातानं फुंकलेल्या काचेची कितीतरी कँडोरं बनवली. 2012 साली तो गेला तोवर हे काम चालू होतं. छकुली, बुडालेल्या गावातली दहा माणसं बसव आणि प्रत्येकाला गावाचा नकाशा काढायला सांग. दहा नकाशे येतील. बाईच्या नकाशात विहीर मोठी असेल, गुराख्याच्या नकाशात गायरान, पोराच्या नकाशात शाळेमागचं बोरीचं झाड. मोजणी खात्याच्या नकाशात हे काहीच नसतं. त्यातला एक नकाशा बरोबर ठरवून बाकीचे बाजूला ठेवू नकोस. सगळे जपून ठेव, आणि नव्या गावठाणाची आखणी करणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर सगळेच ठेवले जातील असं बघ.

हे काम धरण झाल्यावर करण्यात फारसा अर्थ नाही. पैनगंगेच्या काठची गावं अजून उभी आहेत, म्हातारी माणसं अजून बोलती आहेत. कॉलेजला सुट्टी लागली की सरळ महागावला ये. मोठे कागद, पेन्सिली आणि मोजपट्टी बरोबर आण, दोन मैत्रिणीही आण, कारण बायकांशी बायकाच मोकळेपणानं बोलतील. गावात शिरल्यावर घरं मोजायला बसू नका, आधी पाणवठ्यावर जा. पहिला नकाशा तिथल्या बाईकडून काढून घ्या.

ताईला आणि पाहुण्यांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा