आईचा राग आणि चार गुण

आम्ही दोघे नांदुऱ्यात मराठी शिकवतो. येथून मोताळामार्गे बुलढाण्याला जाणारा रस्ता आमच्या नित्याचा. त्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, हे आम्ही वर्गात दरवर्षी अभिमानाने सांगतो. मात्र त्यांच्याकडून आम्ही स्वतः काय शिकलो, याचा हिशेब एका उत्तरपत्रिकेने मागितला.

अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका आम्ही समोरासमोर बसून तपासतो. काही वर्षांपूर्वी ‘श्यामची आई’मधील आईचे स्वभावचित्र रेखाटा, असा प्रश्न होता. अपेक्षित मुद्दे टाचणात तयार होते : वात्सल्य, त्याग, सोशिकता, धर्मनिष्ठा. बहुतेकांनी तेच लिहिले. एस.टी.ने खेड्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र सगळे उत्तर एकाच प्रसंगाला दिले. कर्जवसुलीला आलेला माणूस हीन शब्द उच्चारतो तेव्हा आई संतापून उठते. हा संताप ‘सोशिक’ या शब्दात कसा बसवायचा, असे तिने विचारले होते. आम्ही समासात ‘विषयांतर’ असे लिहिले आणि दहापैकी चार गुण दिले.

ती वाद घालायला आली नाही. “सर, मॅडम, प्रसंग पुस्तकात आहे ना?” एवढेच विचारून गेली.

प्रसंग पुस्तकात होताच. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात साने गुरुजींनी आईचा राग लपवलेला नाही. तो गाळला आम्ही. साहित्यातील स्त्रीचित्रणाच्या साच्यांबद्दल बोलताना आपण लेखकांना दोष देतो, आणि पुष्कळदा तो रास्तही असतो. पण लेखकाने साच्याबाहेर टाकलेले पाऊल पुन्हा साच्यात ओढून आणण्याचे काम आम्हां शिक्षकांची टाचणे करतात. नायक असेल तर ‘संघर्षशील’, नायिका असेल तर ‘सोशिक’; कृती तीच असली तरी विशेषण बदलते.

त्या रात्री ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा उघडली. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर ताशेरे झोडले गेले. त्या संतापातून हे छोटे पुस्तक आले. १८८२ साली पुण्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या गेल्या; किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली, पण पुढे पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

आम्ही ते ‘समाजसुधारणा’ या सदराखाली शिकवत आलो. पण ताराबाई ग्रंथांचीही झाडाझडती घेतात. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या तत्कालीन कादंबऱ्या त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. स्त्रियांच्या दुर्गुणांची जी यादी संस्कृत सुभाषितकारांनी केली, तीतील एकेक दुर्गुण उचलून त्या पुरुषापुढे ठेवतात आणि विचारतात की हा तुमच्यात नाही काय? सावित्री पतीसाठी यमामागे गेली. पत्नीसाठी त्या वाटेला गेलेला पती कोणी ऐकला आहे काय, असाही त्यांचा सवाल आहे. दोन्ही पात्रांना एकच माप लावणे, ही समीक्षेचीच पद्धत होय. आमच्या विद्यार्थिनीने नकळत तीच वापरली होती. ताराबाईंचे नाव घेऊन आम्ही शिकवत होतो आणि ताराबाईंसारखे वाचणाऱ्या मुलीचे गुण कापत होतो.

पुढच्या वर्षी आम्ही प्रश्न बदलला : आईचा संताप व्यक्त होणारा प्रसंग घेऊन तिच्या स्वभावाची चर्चा करा. टाचणातून ‘सोशिक’ हा शब्द खोडला नाही, कारण ती सोसतेही. त्याच्या शेजारी ‘संतापी’ लिहिले. उत्तरे एकसारखी येईनाशी झाली. तपासायला वेळ अधिक लागतो.

त्या विद्यार्थिनीचे गुण मात्र आम्ही वेळेत दुरुस्त केले नाहीत. निकाल लागला, ती पदवी घेऊन गेली. आमच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे अजूनही चारच आहेत.