बदलापूरचे घोडे

बदलापूर या नांवाची लोकांत रूढ असलेली व्युत्पत्ति मोठी गमतीची आहे. पूर्वीं प्रवासी येथें आपले थकलेले घोडे बदलीत, म्हणून हें बदलापूर. भाषाशास्त्राच्या कसोटीस ती उतरो वा न उतरो, गांवच्या आजच्या वृत्तीस मात्र ती चांगली लागू पडते. आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाचा दोन अश्वशक्तीचा पंप गेल्या मे महिन्यांत बंद पडला, तेव्हां पहिला ठराव आला तो हाच, कीं घोडा बदलावा! विक्रेत्याच्या माणसानें मोटार न उघडतांच ‘जळाली’ असा निर्वाळा दिला होता.

वस्तुतः मोटार नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. अखेर अंबरनाथच्या कारखान्यांत उमेदवारी केलेले एक वयस्क मिस्त्री आले. मिल्लनें १८४३ सालीं आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत कारणशोधाच्या ज्या रीती सांगितल्या, त्या आम्हीं वर्गांत पुष्कळदां शिकविल्या आहेत. पण हातांत पक्कड धरून कोणी त्या आचरतांना आम्ही प्रथमच पाहत होतों. मिस्त्रींनीं आधीं विजेचा दाब मोजला. तो ठीक होता. मग वीज तोडून मोटारीचा मागचा पंखा हातानें फिरविला. तो सहज फिरला, म्हणजे बेअरिंग जखडलें नव्हतें, इंपेलरमध्यें कचरा अडकला नव्हता. वाइंडिंगही शाबूत निघालें. राहिला कंडेन्सर. सिंगल फेज मोटारीच्या मुख्य वेटोळ्याचें चुंबकीय क्षेत्र नुसतें हेलकावतें. उभ्या चक्रानें डावीकडे वळावें कीं उजवीकडे, हें तें सांगूं शकत नाहीं. दुसऱ्या वेटोळ्यांतील प्रवाह कंडेन्सर किंचित् पुढें सारतो, आणि त्या अंतरामुळें क्षेत्र फिरूं लागतें. तो दुबळा झाला कीं मोटार जागींच गुणगुणते, तापते, आणि तशीच चालू ठेवल्यास खरोखरच जळते. ५० मायक्रोफॅराड छापलेला आमचा कंडेन्सर मापकावर अवघे ११ दाखवीत होता. नवा उल्हासनगरच्या बाजारांतून तासाभरांत आला. (१९४९ सालीं ज्या निर्वासितांच्या छावणीस हें नांव मिळालें, तेथें न मिळणारा सुटा भाग आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं.)

पोरें काठावर जमलीं होतीं. पण मिस्त्री बटण दाबीनात.

“सर, मोटार फिरेल हो. पण अर्थिंगची तार गंजानं खाल्लीय. पोरं पाण्यात असताना वाइंडिंग बॉडीला लागलं तर?”

“इतकीं वर्षें चाललीच ना?” एक सभासद म्हणाले. मिस्त्री उत्तर न देतां हत्यारें पिशवींत भरूं लागले.

साधा एम.सी.बी. तार वांचविण्यासाठीं असतो, माणूस वांचविण्यासाठीं नव्हे. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला जो गळता प्रवाह जाणवतही नाहीं, त्याचा अल्पांश ओल्या देहांतून गेला तरी प्राण जाऊं शकतो. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडतांच वीज तोडणारा आर.सी.सी.बी. आमच्या पंपघरांत मुळींच नव्हता. आम्हीं मिस्त्रींची पिशवी धरून ठेविली, हें बरें झालें.

तलाव आणखी दोन दिवस बंद राहिला. पाणी अधिकच हिरवें झालें. तांब्याची नवी तार व आर.सी.सी.बी. बसल्यावर मोटार सुरू झाली. कंडेन्सरपेक्षां या दोन वस्तूंचाच खर्च कितीतरी अधिक आला. जूनच्या सभेंत दोघां गृहस्थांनीं विचारलें, कीं मोटार ज्यावांचून फिरत होती, त्याचे पैसे दुरुस्तीच्या बिलांत कां? बिल अद्याप मंजुरीविना पडून आहे. मिस्त्रींस पैसे मात्र आम्हीं त्याच दिवशीं देवविले.